ध्यानाला बसलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची खुर्ची आहे. रंग लाल. म्हणजे होता. पाहुणे अचानक वाढल्यावर कोकम सरबतात पाणी घालून ते पुरवतात ना, तसा आता उन्हाने माझा रंग झाला आहे. पण तुम्ही मला लाल म्हणालात तर मी दुरुस्त करणार नाही. या वयात एवढं चालतं.

माझा जन्म तळोज्याच्या एका कारखान्यात झाला. साच्यात गरम रस ओतला, दाबला, साचा उघडला, तर मी बसलेलीच. तुम्ही आधी पालथे पडता, मग रांगता, मग बसता, आणि दर वेळी घरचे टाळ्या वाजवतात. मी थेट बसले, पण एकानेही टाळी वाजवली नाही. माझ्यावर माझ्या बहिणी ठेवल्या, त्यांच्यावर आणखी बहिणी, आणि आमची चळत टेम्पोतून नावड्याला हौसेराव मंडपवाल्याकडे गेली. त्याने आमच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने 'हौसेराव मंडप' असं रंगवलं. रंग वाळेपर्यंत आम्ही सगळ्या त्याच्या अंगणात पाठ करून उभ्या होतो. तेवढ्यात शेजारचं वासरू आलं आणि माझं 'राव' चाटून गेलं. तेव्हापासून माझ्या पाठीवर 'हौसे मंडप' एवढंच आहे. वासराला पुढे काही झालं नाही, हे तुमच्या समाधानासाठी सांगते.

ते दिवस काय होते म्हणून सांगू. साखरपुडे, हळदी, लग्नं, बारशी, भाषणं. लग्नात माझ्यावर बसायला माणसं भांडायची. भाषणात माझ्यावर बसायला माणसं टेम्पोतून आणावी लागायची, माझ्यासारखीच. आम्ही खुर्च्या माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाही, बसण्यावरून ओळखतो. कोणी धपकन बसतं, कोणी आधी हात लावून बघतं, आणि नवऱ्या मुलाचा मामा असेल तर तो बसतच नाही, नुसता पाठीवर हात ठेवून दुसऱ्यांना बसा बसा म्हणतो.

एकदा आम्ही खांदेश्वरला एका वास्तुशांतीला गेलो. सोसायटी नवी कोरी होती. इमारत एकच, भोवती नुसतं गवत. स्टेशनवरून कोणी चालत निघालं की ते लांबूनच दिसायचं, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच. घर होतं जयप्रकाशकाका आणि सरोजिनीकाकूंचं, पहिल्या मजल्यावर. दोघं लालबागच्या एका खोलीतून आली होती. त्या खोलीत गॅलरी नव्हती, म्हणून काकांनी नव्या घरात सगळ्यात आधी मला उचलून गॅलरीत ठेवलं आणि पूजा संपेपर्यंत तिथेच बसून राहिले. भटजींनी दोनदा बोलावलं. काका म्हणाले, "इथून ऐकू येतंय, चालू द्या."

संध्याकाळी टेम्पो भरून निघून गेला आणि मी गॅलरीतच राहिले. काकांनी इमानदारीत फोन केला, "हौसेराव, तुमची एक खुर्ची राहिली आहे."

"राहू दे की. बसा," हौसेराव म्हणाले.

एवढ्यावर माझं दत्तकविधान उरकलं.

मित्रांनो, गॅलरीतली ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. काका संध्याकाळी माझ्यावर बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला वरून हाक मारायचे. भाजीवाला, पोस्टमन, शाळेतून येणारी पोरं, अगदी अनोळखी माणसंसुद्धा. अनोळखी माणूस थांबून वर बघायचा. "काही नाही, चला," काका म्हणायचे, आणि तो जायचा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आपण होऊन वर बघायचा. असं करत करत काकांनी आख्खा सेक्टर ओळखीचा करून घेतला. काकू आतून म्हणायच्या, "अहो, चहा निवतोय," आणि काका म्हणायचे, "आलो, फक्त ह्यांना विचारतो." ह्यांना म्हणजे कोणाला, हे रोज वेगळं असायचं.

त्यांचा निखिल माझ्यावर उभा राहून आकाशकंदील लावायचा आणि अभ्यासाला बसला की मला मागच्या दोन पायांवर झुलवायचा. पुढे निखिल शिकला, बेंगळुरूला नोकरीला लागला, तिथेच घर केलं. एकोणिसाव्या मजल्यावर. समोरची इमारत पंचविसाव्या मजल्यापर्यंत आहे, म्हणजे ह्याला वर बघायला लागतं आणि खालचं काही दिसत नाही.

मग एक दिवस संध्याकाळी माझ्यावर कोणीच बसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात माणसांची गर्दी होती, पण गॅलरीकडे एकही जण फिरकेना. खुर्चीला बातमी अशी कळते.

पंधरवड्याने काकूंनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि खाली पार्किंगमध्ये आणून ठेवलं. माझ्याकडे बघवत नाही, असं त्या शेजारणीला म्हणाल्या. मला राग आला नाही. मला स्वतःकडे बघता येत नसल्यामुळे खात्री करता आली नाही, एवढंच.

पार्किंगमध्ये मी बरीच वर्षं काढली. माझ्यावर हेल्मेट ठेवली, रंगाचे डबे ठेवले, एका मांजरीने माझ्याखाली पिल्लं घातली आणि जाताना निरोपही घेतला नाही. शेवटी शेवटी मला एका मोटारीची जागा धरायला बसवलं. मोटार आली की मला पायाने सरकवायचे, गेली की पुन्हा आणून बसवायचे. एवढ्या निष्ठेने वाट बघितल्यावर एवढ्या पटकन बाजूला कोणालाच केलं नसेल.

तशात काकूंना न्यूमोनिया झाला. आधी साधी सर्दी, मग खोकला, मग तो छातीत उतरला आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तो एक हिवाळा. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. त्या वेळी लिफ्ट बंद होती. समोरच्या फ्लॅटमधले दिनानाथकाका खाली धावत आले, इकडे तिकडे बघितलं आणि मला उचलून वर नेलं. काकूंना माझ्यावर बसवलं, चौघांनी चार पाय धरले आणि जिन्याने खाली आणलं. दिनानाथकाका पुढे होते. मूळचे साताऱ्याकडचे, तळोज्याच्या कंपनीतून निवृत्त झालेले, गप्प बसण्याची सवय नाही.

"वहिनी, पालखीत बसल्यागत वाटतंय का?"

काकूंना हसायचं होतं. पण त्यांना एका शब्दाला एक श्वास लागत होता, आणि हसायला शिल्लकच नव्हता. "दिनाभाऊ," त्या म्हणाल्या. थांबल्या. "गॅस." थांबल्या. "बंद." पुढचं बोलता आलं नाही. मी त्यांचं वजन कधी एवढं हलकं बघितलं नव्हतं. त्या हॉस्पिटलात होत्या तोवर दिनानाथकाकांच्या वेणूबाई रोज डबा पाठवत होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या दिवाळीत निखिल आला. परत निघाला तेव्हा टॅक्सीची वाट बघत मायलेकं पार्किंगमध्ये उभी होती, अगदी माझ्याजवळ.

"आई, दोन हिवाळे झाले. तिसरा मी बेंगळुरूला बसून काढू शकत नाही," तो म्हणाला. "होळीपर्यंत बघू. तोपर्यंत तुला ॲडमिट व्हावं लागलं, तर काही न बोलता माझ्याकडे यायचं. हा फ्लॅट भाड्याने देऊन टाकू."

"आणि नाही झाले तर?"

"तर मी विषय काढणार नाही."

"कधीच?"

"पुढच्या दिवाळीपर्यंत."

"अरे, तुझ्याकडे खालून कोणी हाक मारली तर वर ऐकूच येत नाही," काकू म्हणाल्या.

"तिथे हाक कोणी मारत नाही, आई. इंटरकॉम आहे."

 टॅक्सी गेली. काकू माझ्यावर बसल्या, बऱ्याच वर्षांनी, स्वतःहून. मग जरा वेळाने घसा खाकरला आणि लगेच घशाला हात लावून बघितला, आजारपण आलं की काय म्हणून.

तिसऱ्या मजल्यावरची श्रुती तेव्हाच ड्यूटीवरून आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे लोकांना व्यायाम शिकवून बरं करते आणि लोक तिच्यावर रागावतात. काकूंनी तिला सगळं सांगितलं.

"काकू, सर्दी होणारच नाही असं मी लिहून देत नाही," श्रुती म्हणाली. "पण तुमच्या वयाच्या माणसांनी रोज व्यायाम केला, ध्यान केलं, तर सर्दी-खोकल्याचं प्रमाण कमी व्हायला मदत होते. झालाच तर अंगात थोडी ताकद असते. आणि फ्लूची लस घ्यायची. हे लशीच्या जागी नाही, लशीच्या शेजारी."

"म्हणजे गॅरंटी नाही," दिनानाथकाका मोटारीमागून म्हणाले. ते तिथे का होते हे कोणी विचारलं नाही.

"वॉरंटी पण नाही, काका. उद्यापासून तुम्ही पण या."

काकूंनी त्याच आठवड्यात लस टोचून घेतली, आणि अशा रीतीने त्यांच्या गॅलरीखालच्या मोकळ्या जागेत वर्ग भरायला लागला. आपापली खुर्ची आपण आणायची. काकूंनी मला घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं, आणि 'हौसे मंडप' वरून हात फिरवला. मोटारीची जागा धरायला दुसरं कोणीतरी शोधलं गेलं. एक कुंडी, असं ऐकते. तिचं कसं चाललंय माहीत नाही.

श्रुतीचा पहिला व्यायाम म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि हात न टेकता बसायचं. पुन्हा उठायचं, पुन्हा बसायचं. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात लोक माझ्यावर बसायला यायचे. उठायला येणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. सुरुवातीला मला वाटलं माझंच काही चुकतंय. काकू बसल्या की लगेच उठत होत्या, जणू मी तापले आहे. मग हळूहळू लक्षात आलं की दर आठवड्याला त्यांचे पाय जरा घट्ट होतायत, त्या धप्पकन पडत नाहीत, मला हलकेच टेकतात.

त्यानंतर भरभर चालणं. हवा धुरकट असेल, कारखान्याचा वास येत असेल, त्या दिवशी घरात. नाहीतर सोसायटीला फेऱ्या.

"इतकं भरभर चालायचं की बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये," श्रुती म्हणाली.

इथे अडचण आली ती शकुबाईंची. शकुबाई मूळच्या शिरवण्याच्या. मुलगा इकडे राहायला आला म्हणून त्याही आल्या. गावात त्या धवलारीण होत्या, लग्नाचे धवले गाणाऱ्या. नवरा-नवरीला हळद लागल्यापासून वरात जाईपर्यंत न थांबता गायची सवय. त्यांना कितीही पळवलं तरी गाता यायचंच.

"आजी, जरा जोरात चला."

"चालतंय गो पोरी. पन गानं थांबत नाय त्याला मी काय करू."

शेवटी श्रुतीने नियम बदलला. शकुबाईंना गाता आलं तरी चालेल, पण बाकीच्यांना त्यांच्यामागे गाता येता कामा नये.

शेवटी ध्यान. पाठ सरळ, पाय जमिनीवर, डोळे मिटायचे आणि येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. काही करायचं नाही. या विषयात, खोटं कशाला बोलू, मी आधीपासून पारंगत होते. पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं मी दुसरं काय करत होते. पण माणसांना ते जमत नव्हतं. दिनानाथकाका घोरायला लागले.

"काका, ध्यान चाललंय."

"मी पण ध्यानच करतोय. आवाज करून."

काकूंचं कठीण होतं. बाकीचे श्वास बघत होते, त्या श्वासावर पहारा ठेवत होत्या. जरा घशात खवखवलं की त्यांच्या पाठीची काठी होई. मला कळायचं, कारण ती पाठ माझ्या पाठीला टेकलेली असायची. श्रुती म्हणायची, "खवखवलं ना, खवखवू दे. बघा आणि सोडून द्या. आत्ता नुसतं खवखवतंय, हॉस्पिटल अजून आलेलं नाही." बरेच दिवस गेले. मग एका सकाळी काकू खोकल्या, आणि त्यांची पाठ सैलच राहिली. नुसता खोकला आला आणि गेला. त्या दिवशी मला आत कुठेतरी बरं वाटलं. आत म्हणजे कुठे ते विचारू नका, मी भरीव नाही.

संक्रांत आली. तोवर एकाही माणसाला साधी शिंक आली नव्हती. सगळे इतके खुशीत होते की दिनानाथकाका रिक्षावाल्यालासुद्धा ध्यान शिकवायला लागले होते. आणि संक्रांतीनंतर दोनच दिवसांनी दिनानाथकाका खाली आले नाहीत. ताप, खोकला, अंगदुखी. लेकाच्या ऑफिसातून आलेला फ्लू होता.

आता मित्रांनो, आपल्याकडे कोणी आजारी पडलं की बघायला जायचं असतं. आजारी माणसाला झोप लागलेली असली तर उठवून बघायचं असतं. श्रुती ड्यूटीवर गेल्यावर सगळा वर्ग तयार झाला. काकू मात्र जागच्या उठेनात.

"काय गो बाय, येत नाय?" शकुबाईंनी विचारलं.

"होळीपर्यंत मला आजारी पडायचं नाहीये, शकुबाई. निखिलला शब्द दिलाय."

"तो मानूस तुला खुर्चीवरशी उचलून नेलेला. वेनूबाईनं डबं पाठवलं. आन तू दारात जावाची नाय?"

काकूंनी मास्क लावला. त्यावर आणखी एक लावला. वर पदर घेतला. दिनानाथकाकांच्या हॉलमध्ये एवढ्यांना बसायला जागा नसणार, म्हणून सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या बरोबर घेतल्या, आणि अशा रीतीने मीही आजाऱ्याला बघायला गेले.

दिनानाथकाका दिवाणावर होते. आम्ही त्यांच्याभोवती गोल करून बसलो, खिडक्या बंद, कारण त्यांना थंडी वाजत होती. शकुबाईंनी सुकटीचं कालवण आणलं होतं, सर्दी फोडायला. एकाने ओव्याची धुरी सांगितली, दुसऱ्याने ओव्याला नावं ठेवली. काका मधूनमधून खोकत होते आणि प्रत्येक खोकल्यानंतर सगळे पुढे सरकून "अरेरे" म्हणत होते. मागे सरकायचं कोणाला सुचलं नाही.

वेणूबाईंनी चहा आणला. काकूंनी हाताने नको नको केलं.

"अहो वहिनी, घोटभर तरी. आमच्या घरी विष देतात काय?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

काकूंनी कपाकडे बघितलं. ज्या घरच्या डब्यावर आपण हॉस्पिटलातले दिवस काढले, त्या घरच्या चहाला नाही कसं म्हणायचं. त्यांनी पदर बाजूला केला, एक मास्क उतरवला, मग दुसरा हनुवटीखाली ओढला. मला बोलता येत नाही. मी होता होईल तेवढा जोर लावून एक पाय कुरकुरवला. काकूंना वाटलं आपलं वजन वाढलं. त्या घोटभरावर थांबल्या असत्या, पण मागून पोहे आले. मग विषय निघाला, मग दुसरा विषय निघाला, आणि मास्क हनुवटीखालीच राहिला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी काकू खाली आल्या नाहीत. आणखी दोघं-तिघंही आले नाहीत. जे आले त्यांना श्रुतीने विचारलं, "दिनानाथकाकांना बघायला कोण कोण गेलं होतं?"

सगळे हात अभिमानाने वर गेले.

"खोकला कोणाकोणाला आहे?"

शकुबाईंचा सोडून तेच हात, जरा खालपर्यंत.

"रोज व्यायाम करताय, ध्यान करताय," श्रुती हळू आवाजात म्हणाली, "आणि मग तापलेल्या माणसाच्या तोंडासमोर बसून पोहे खाताय. काकूंचं काय ठरलंय माहितीय ना तुम्हाला?"

"मंग काय मानूस मेल्यावर जावाचा बघाला?" शकुबाईंनी विचारलं.

याचं उत्तर श्रुतीच्या पुस्तकात नव्हतं.  मग शकुबाईंनीच खुर्ची उचलली, जरा मागे नेऊन गॅलरी दिसेल अशी ठेवली, आणि वर तोंड करून हाक मारली, "सरोजिनी, ए बाय. भायर ये. वर नाय येत आमी. हितनं बगतो तुला."

गॅलरीचं दार उघडलं. काकू शाल गुंडाळून आल्या. किती वर्षांनी मी त्यांना त्या कठड्याशी बघितलं. खाली माझ्यावर कोणी बसलं नव्हतं, पण मलाही रांगेत ठेवलं होतं. श्रुती त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, छाती आत्ता स्वच्छ आहे, औषध सुरू करू. पण छातीत उतरलं तर दाखल करावं लागेल. म्हणजे आता सगळं त्या एका जिन्यावर येऊन थांबलं होतं, घशापासून छातीपर्यंतच्या.

निखिलचा व्हिडिओ कॉल आला तो काकूंनी गॅलरीतच घेतला. आम्ही सगळे खालून ऐकत होतो. इलाज नव्हता.

"आई, आवाज का बसलाय?"

"नेटवर्क," काकू म्हणाल्या, आणि शिंकल्या.

"नेटवर्कने शिंक येत नाही, आई."

दुसऱ्या दिवशी दुपारी निखिल हजर. हातात मोठी चाकांची बॅग. ती उचलताना त्याला जोर लागत नव्हता, तेव्हाच आम्हाला कळलं की ती रिकामी आहे. येताना रिकामी बॅग माणूस कशाला आणतो, हे सांगायला नको.

पुढचे दिवस तो सकाळी खाली येऊन माझ्यावर बसायचा, वर बघत. वर काकू, खाली रांगेत सगळे, मास्क लावून, लांब लांब. व्यायाम काकूंना बंद होता, पण डोळे मिटून श्वास बघायला त्या बसत. सगळे बसत. निखिलने डोळे मिटले नाहीत. तो आईच्या खोकल्याकडे कान लावून बसायचा. दिनानाथकाका आता बरे होऊन खाली यायला लागले होते. ते त्याच्यापासून चार मोटारी सोडून बसत.

"निखिल, हे माझ्यामुळं झालं बघ," ते तिथूनच म्हणाले.

"तुम्ही काय केलंत, काका?"

"आजारी पडलो. आणि वर चहा पाजला."

 लहानपणीसारखं निखिलने मला मागच्या दोन पायांवर झुलवलं. तेवढ्यात वर काकूंना खोकल्याची उबळ आली, लांबलचक, आणि तो तसाच धडकन उठला. माझ्या मागच्या उजव्या पायात कडकन काहीतरी झालं. मी म्हटलं आधी ते बघू, मग माझं.

उबळ थांबली. त्यानंतर ताप उतरत गेला. एका सकाळी श्रुती आणि काकू पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या, आणि निखिल खालीच थांबला. बरोबर का गेला नाही, असं शकुबाईंनी विचारलं तर म्हणाला, "मी असलो की ती बरं वाटतंय म्हणते."

रिक्षा फाटकापाशी थांबली. काकू उतरल्या, श्रुतीचा हात न धरता. फाटकापासून आमच्यापर्यंत चांगलं अंतर आहे. त्या न थांबता चालत आल्या, निखिलसमोर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "ती बॅग रिकामी नेऊ नकोस, वेणूबाईंनी कुरडया दिल्यात त्या भर, शकुबाईंची सुकट वेगळ्या पिशवीत घाल नाहीतर विमानात सगळे नाक धरतील, आणि मे महिन्यात मी तुझ्याकडे येणार आहे पण परतीचं तिकीट आधी काढ, तारीख मी सांगेन, तू नाही."

निखिल बघतच राहिला. त्याने कुरडया ऐकल्या की नाही कोण जाणे. एवढं मोठं वाक्य आई एका श्वासात बोलली होती. गेल्या वर्षी तिला एका शब्दाला एक श्वास लागत होता, आणि हे त्याला फोनवर सांगणारे दिनानाथकाका आत्ता चार मोटारी सोडून डोळे पुसत होते.

"डॉक्टर काय म्हणाले?" तरी त्याने विचारलं.

"छातीत काही नाही," श्रुती म्हणाली. "वरच्यावर गेलं."

ते व्यायामाने गेलं, लशीने गेलं, वेळेवर औषध घेतल्याने गेलं की नुसतं काकूंच्या हट्टाने, ते श्रुतीलाही सांगता येणार नाही, असं तीच म्हणाली. मी खुर्ची आहे, मी तर मुळीच सांगणार नाही. निखिल परत गेला. बॅगेतून विमानतळभर सुकटीचा वास गेला म्हणे.

होळी झाली. विषय निघाला नाही.

मित्रांनो, माझा तो पाय काही जुळला नाही. आता माझ्यावर माणूस बसला तर दोघंही खाली. काकूंनी नवी खुर्ची घेतली, निळी, अजून फार गप्प असते. मला भंगारवाल्याला द्यायचं ठरलं होतं. पण निखिल तिकडून म्हणाला, "आई, मला पण तुमच्याबरोबर बसायचंय," आणि फोन ठेवायला काहीतरी हवं होतं. आता रोज सकाळी काकू मला भिंतीला टेकवून उभी करतात आणि माझ्यावर फोन ठेवतात. बेंगळुरूहून निखिल माझ्यावर बसतो. तिकडे तो उठ-बस करतो, धापा टाकतो, शकुबाई त्याला हसतात. मग सगळे डोळे मिटतात. तोही मिटतो. एवढ्या लांबून माझ्यावर बसणारा तो पहिलाच, आणि वजन अगदी नाही म्हटलं तरी चालेल. पण मला कळतं तो बसलाय ते.

तुमच्या घरी, शेजारी, कोणी म्हातारं माणूस असेल. ते पाय हलवत असेल, डोळे मिटून बसत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी खुर्ची टाका आणि तुम्हीही बसा. हिवाळ्याच्या आधी त्याला लशीचं विचारा. तुम्हाला सर्दी असेल तेव्हा त्याच्या गळ्यात पडू नका, त्याच्या घरी चहा पिऊ नका, मग कोणी कितीही रागावो. खाली उभे राहा, वर तोंड करा. पण हाक मारायची राहू देऊ नका.